सातारा-सांगलीचे जुने पूल : फोटो, मोजमाप आणि आठवणी इथे टाका

कृष्णाकाठी

सांगलीत पावसाळ्यात कुणालाही "पाणी किती?" असं विचारलं की उत्तर फुटांत येतं, आणि ते फूट आयर्विन पुलावर मोजलेले असतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 साली पाणी 53 च्या पुढे गेलं, 2019 साली 57 च्या पुढे. गावातला प्रत्येक जण आपल्या घराचा उंबरा पुलावरच्या कितव्या फुटाला बुडतो हे तोंडपाठ सांगतो. 1929 साली संस्थानी काळात उघडलेला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं नाव मिळालेला हा दगडी पूल आज अख्ख्या शहराची मोजपट्टी आहे. तरीही त्याचे फोटो बघायला गेलं की बहुतेक सगळे पुलावर उभं राहून काढलेले. नदी दिसते, सूर्यास्त दिसतो, दिव्याचे खांब दिसतात. पूल दिसत नाही.

म्हणून हा धागा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले जुने पूल, मग ते कृष्णेवरचे असोत, कोयनेवरचे, वेण्णेवरचे किंवा एखाद्या ओढ्यावरची दोन कमानींची मोरी असो, त्यांचे फोटो इथे यावेत. सुंदर फोटो तर हवेतच, पण माझी खरी मागणी वेगळी आहे. आपण पुलाची नोंद करू या. पुढे कधी तो राहिला नाही तर तो कसा होता हे फोटोवरून सांगता यावं, इतकी नेमकी नोंद.

त्यासाठी आधी खाली उतरायचं. आयर्विनसाठी घाटावर जा. नदी इथे ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते आणि पूल तिला आडवा, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असताना पुलाची खालच्या अंगाची बाजू चांगली उजळते. सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर ऊन तिरकं पडतं, तेव्हा दगडांच्या सांध्यांची एकेक रेघ वेगळी होते. भर दुपारी तोच दगड सपाट, निर्जीव दिसतो. बंधाऱ्याला बरगे घालून पाणी अडवलेलं असेल तर नदी संथ असते आणि कमानीचं प्रतिबिंब पडून पूर्ण वर्तुळ मिळतं. हा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तो काढावाच. पण त्यानंतर निघून जाऊ नका.

प्रत्येक कमान समोरून, कॅमेरा अगदी सरळ धरून घ्या. वर-खाली कलला की खांब आत झुकल्यासारखे येतात आणि मग त्या फोटोवरून काही मोजता येत नाही. शेजारी माणूस उभा करा किंवा मीटरची पट्टी टेकवा. खांबाचा पाण्यालगतचा भाग, कठड्याचे दगड, कुठे खूण किंवा अक्षरं कोरलेली असतील तर ती, आणि दुरुस्तीचं सिमेंट जिथे फासलंय ती जागाही घ्या.

आपल्या काळ्या दगडाची एक खोड आहे. फ्रेमभर काळा दगड दिसला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करून टाकतो. काळा पाषाण मग राखाडी येतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप (उजेड मोजायचं माप) खाली आणा. कमानीच्या पोटात काळोख आणि मागे भगभगीत आकाश असतं, तिथे एकाच जागेवरून तीन वेगवेगळी एक्सपोजर घेऊन ठेवा. मोबाइलवाल्यांनी बोटाने दाबून उजेड कमी केला तरी पुष्कळ फरक पडतो.

फोटोखाली एवढं लिहा: गाव, नदी किंवा ओढा, कोणत्या बाजूने काढला, महिना आणि साल. कुणी माहिती सांगितली असेल तर "गावात असं सांगतात" असं स्पष्ट लिहा.

मिरजकर_पोर

भारी धागा. कृष्णाघाटावरून रविवारी काढून टाकतो.

वाईची_लेक

तुम्ही "पूल राहिला नाही तर" असं लिहिलंत. आमच्याकडे ते होऊन गेलंय. वाईचा कृष्णेवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पाडला आणि तिथे नवा बांधला. नव्या पुलाची गरज होती, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण माझं माहेरचं सगळं आयुष्य त्या पुलावरून गेलं. शाळा, बाजार, महागणपती, यात्रा. आणि आज माझ्याकडे त्या पुलाचा असा एक फोटो नाही, ज्यात फक्त पूल आहे.

शोधायला लागले तेव्हा कळलं की पूल आहे, पण तो माणसांच्या मागे आहे. घाटावर काढलेल्या मुंजीच्या फोटोत, नव्या नवरीच्या फोटोत, महापुरात पाणी बघायला गेलेल्या काकांच्या फोटोत. कुणाच्या खांद्यावरून एक कमान दिसते, कुणाच्या पदराआडून कठडा. मी आता नात्यातल्या प्रत्येक घरी अल्बम मागते. फोटो अल्बममधून बाहेर काढत नाही, जुने फोटो चिकटलेले असतात आणि ओढले की वरचा थर निघतो. खिडकीजवळ तिरक्या उजेडात ठेवून, काचेची चमक टाळून मोबाइलवर टिपते आणि फोटोतली माणसं कोण, साल अंदाजे कोणतं, हे तिथेच बसून लिहून घेते. कारण सांगणाऱ्या आजीही कायम राहणार नाहीत.

वाईचे असाल तर कृपया घरचे अल्बम उघडा. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, त्याचे लाखो फोटो आहेत. पुलाचे नाहीत.

पाथरवट

मी बांधकाम खात्याच्या कामांवर आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. कृष्णाकाठींनी खांबाचा पाण्यालगतचा भाग घ्यायला सांगितलं, त्याबद्दल विशेष आभार. पुलाचं खरं दुखणं तिथे कळतं.

दगडी कमान ही फार जिवट गोष्ट आहे. तिच्यातला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. वरून वजन आलं की सांधे आणखी घट्ट होतात. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि कमानीत दाबच असतो. बांधताना आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा, दोन्ही बाजूंनी घडीव दगड चढवत आणायचे, मधला शेवटचा दगड ठोकून बसवायचा आणि चुना धरल्यावर सांगाडा काढायचा. घाणीत मळलेला चुना सिमेंटसारखा झटपट आवळत नाही, सावकाश धरतो, त्यामुळे थोडी हालचाल झाली तरी भेग न पडता सामावून घेतो. म्हणूनच चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा मारला की आतलं पाणी कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. अशी जागा दिसली की जवळून फोटो घ्या.

कमान सहसा आपणहून पडत नाही. पाया उघडा पडतो. पुराचं पाणी खांबाला आपटून खाली भोवरा करतं आणि पायाजवळची माती-वाळू उकरून नेतं. वाळूउपशाने नदीचं पात्र खाली गेलं असेल तर आणखी लवकर. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटी गाड्या आणि माणसं घेऊन. ती सावित्री आपल्या महाबळेश्वरातच उगम पावते. त्यानंतर राज्यभरातल्या जुन्या पुलांची तपासणी झाली.

त्यामुळे एप्रिल-मे मध्ये पाणी उतरतं तेव्हा खांबांचे बुंधे टिपा, दरवर्षी त्याच जागेवरून. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की पात्र किती खाली गेलं हे साध्या डोळ्यांना दिसतं. दुसरं म्हणजे पिंपळ आणि वड. सांध्यात रोप दिसलं की तेही टिपा. वितभर असताना ते हाताने निघतं, मनगटाएवढं झालं की दगड घेऊनच निघतं.

वाडीकर

थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी सांगलीवाडीचा, म्हणजे पुलाच्या पलीकडच्या काठाचा. तुम्हाला आयर्विन म्हणजे कमानी आणि प्रतिबिंब, आम्हाला तो दवाखान्याचा रस्ता आहे. पुराच्या वेळी पूल बंद झाला की दोन्हीकडची माणसं दोन्हीकडे अडकतात. शेजारी समांतर पूल होताना कुणी म्हणत होतं की जुन्या पुलाचं सौंदर्य झाकलं जाईल. आम्ही म्हणत होतो, लवकर होऊ दे. कमी उंचीच्या जुन्या पुलाचे जाडजूड खांब पुराचं पाणी अडवतात आणि फुगवटा मागच्या गावांना भोगावा लागतो, हेही या धाग्यावर यायला पाहिजे.

कृष्णाकाठी

वाडीकर, राग कसला. हे यायलाच हवं होतं. नवा पूल नको असं माझं कधीच म्हणणं नाही, आणि पाण्याला अडथळा होणारा पूल काढावा लागला तर तो काढावा. मला सलतं ते हे की पाडायचा निर्णय होतो आणि पाडण्याआधी त्याचं एक धड मोजमापही कुठे ठेवलं जात नाही. समांतर पूल झाला ते एका अर्थाने आयर्विनचं आयुष्य वाढवणारंच आहे, जड वाहतूक त्याच्या अंगावरून उतरते. आणि फोटोवाल्यांसाठी सांगतो, नव्या पुलावरून जुन्या पुलाचा चेहरा समोरासमोर दिसतो.

पुराच्या दिवसांत तुम्ही वाडीच्या बाजूने काढलेले फोटो असतील तर टाका. शहराच्या बाजूचे सगळ्यांकडे आहेत, तुमच्या बाजूचे नाहीत.

पेनसिल्व्हेनियातला_सांगलीकर

घर सांगलीत, गेली बरीच वर्षं राहतो अमेरिकेत. इथे जुने पूल बघत फिरण्याचा नाद लागला आणि त्याचं कारण इथले छप्पर घातलेले लाकडी पूल. पेनसिल्व्हेनियात असे पूल देशात सर्वांत जास्त उरलेत, दोनशेच्या वर. लांबून बघितलं तर नदीवर धान्याचं कोठार ठेवल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना फळ्या, वर उतरतं छप्पर, आतून रस्ता.

छप्पर माणसांसाठी घातलेलं नाही, पुलासाठी आहे. पुलाचं वजन पेलतात त्या बाजूच्या मोठ्या लाकडी कैच्या, म्हणजे उभ्या-तिरक्या लाकडांचे जोडलेले सांगाडे. त्या उघड्यावर भिजल्या-वाळल्या की दहा-वीस वर्षांत कुजतात. छपराखाली कोरड्या राहिल्या तर शंभर-दीडशे वर्षं सहज जातात. छपराच्या फळ्या बदलता येतात, सांगाडा बदलणं महाग. अमेरिकेतला पहिला मोठा छताचा पूल फिलाडेल्फियात 1805 मध्ये झाला. मग 1817 मध्ये थिओडोर बरने कैचीला कमानीची जोड देणाऱ्या रचनेचं पेटंट घेतलं, 1820 मध्ये इथिएल टाउनने फळ्यांच्या जाळीचं. आत शिरून भिंतीकडे बघितलं की कोणती पद्धत ते लगेच ओळखू येतं. फोटो काढताना अडचण हीच, आत काळोख आणि दोन टोकांना लख्ख उजेड. मी ट्रायपॉड लावून एक्सपोजर काळोखासाठी एक आणि उजेडासाठी एक घेतो.

हे लिहायचं कारण पूर आहे. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क राज्यातला ओल्ड ब्लेनहाइम पूल वाहून गेला. 1855 चा, एकाच गाळ्याचा (मध्ये खांब नसलेला), जगातल्या लांब गाळ्यांच्या लाकडी पुलांपैकी एक. मात्र 1930 च्या दशकातच सरकारी योजनेत त्याचे फोटो आणि नोंदी झाल्या होत्या. पुढे त्याच जागी, पाण्यापासून अधिक उंचावर, तो पुन्हा बांधला गेला. व्हर्मॉन्टमधला बार्टन्सव्हिलचा पूल त्याच दिवशी गेला आणि तोही पुन्हा उभा राहिला.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी इथून रात्रभर आयर्विनचे फूट बघत बसलो होतो. आईवडील तिथे होते. तेव्हा माझ्या मनात पुलाचा विचारही नव्हता, पण आज वाईच्या ताईंचं वाचून वाटतं, आपल्या पुलांची अशी नोंद आपणच करायची आहे.

दगडफूल

छताचे पूल आपल्याकडे नाहीत, कारण आपल्याकडे दगड मुबलक आणि दगडाला पावसाचं भय नाही. पण पाण्यावरून छताखाली चालत जाण्याचा अनुभव साताऱ्याजवळ घेता येतो. लिंब गावची बारामोटेची विहीर बघा. पायऱ्या उतरून दरवाज्यातून आत गेलात की पुढे अष्टकोनी मुख्य विहीर आणि अलीकडे आयताकृती भाग, यांना जोडणाऱ्या बांधकामावर चक्क छोटा महाल आहे. वर मोटा चालवायच्या जागा, खाली कमानी, मध्ये खांबांवर शिल्पं. शिलालेखानुसार बांधकाम शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724, वीरूबाई भोसले यांनी करवलेलं. थोरल्या शाहू महाराजांचा काळ.

उजेड वरून येतो, त्यामुळे इथे सकाळ-संध्याकाळपेक्षा दुपारच्या आसपास जा. आतल्या कमानींवर पाण्याची थरथर उमटते. आणि मोठ्याने रील बनवू नका, गावातले लोक आपुलकीने जागा सांभाळतात.

मोडीवाचक

फोटोंबरोबर कागद शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो.

सांगली जिल्हा म्हणून जुन्या कागदांत शोधलंत तर हाताला फार काही लागणार नाही. 1949 मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेली संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूर भागातल्या पुलांसाठी सातारा जिल्ह्याचे कागद बघायचे. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं, त्यांचे पूल त्यांच्या दप्तरांत. आयर्विन पूल सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात झाला, त्यामुळे त्याचा हिशेब मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शोधून काय मिळणार? साताऱ्यासाठी 1885 चं गॅझेटियर हे पहिलं दार. त्यात रस्ते, घाट, नद्या ओलांडायच्या जागा, नावा, पूल असं सगळं रस्त्यांच्या प्रकरणात आहे. ज्या पुलाचा उल्लेख तिथे आहे तो 1885 आधीचा, हे एवढं तरी पक्कं होतं.

दुसरं, पार गावचा पूल अजून कुणीच कसा घेतला नाही? महाबळेश्वर तालुका, प्रतापगडाच्या पायथ्याचं पार, रामवरदायिनीचं देऊळ असलेलं. तिथे कोयनेवर दगडी कमानींचा पूल आहे, तो शिवकालीन मानला जातो आणि आजही वापरात आहे. प्रवाहाकडच्या अंगाला खांबांना त्रिकोणी टोक दिलंय, पाणी फाकून जावं म्हणून. पाथरवट काकांनी सांगितलेला भोवऱ्याचा मुद्दा तिथे डोळ्यांनी बघता येतो. 1659 च्या नोव्हेंबरात अफझलखानाचा तळ याच पारच्या परिसरात होता. पार घाटाची वाट कोकणात उतरते, म्हणजे हा पूल एका जुन्या व्यापारी वाटेवर आहे. किल्ला बघून परत फिरणाऱ्या हजारो गाड्यांतली एखादीच तिकडे वळते, याचं फार वाईट वाटतं.

कऱ्हाडचा_आबा

नातवाकडून लिहून घेतोय. पूल बघताय ते चांगलं हाय, पण पोरांनो पुलाच्या आधी काय होतं तेबी विचारा. प्रत्येक पुलाच्या वर-खाली कुठंतरी पायउतार असतो. उन्हाळ्यात बैलगाड्या तिथनं जायच्या. पावसाळ्यात नाव. नावाडी पैसं घेत न्हवता, सुगीला धान्य द्यायचं. पूल झाला आन् नावाडी गेला. आमच्या वडलांच्या तोंडात पायउताराची सगळी नावं होती, आता ती नावं शेताच्या बांधापुरती उरली. पुलाचा फटू काढला की गावातल्या म्हाताऱ्याला विचारायचं, बाबा, गाडी कुठनं घालायचा? तो हात करून दावंल. तिथनंबी एक फटू काढा.

आमच्या कऱ्हाडात दोन नद्या समोरासमोर येऊन मिळत्यात, कोयना आन् कृष्णा. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला सगळी जात्यात. जुन्या कोयना पुलाकडं कुणी कॅमेरा धरत न्हाई. जुन्या कृष्णा पुलाचा तर काही भाग पाण्यानं नेला.

वाईची_लेक

आबा, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. पायउताराची तुम्हाला आठवतात ती नावं नातवाकडून इथे टाकाल का? गाव आणि नदीसकट. आम्ही पुढच्या वेळी ती जागा शोधून फोटो काढू.

मिरजकर_पोर

रेल्वेच्या जुन्या पुलांचे चालतील का? पुणे-मिरज मार्ग पूर्वी मीटरगेज होता, काही ठिकाणी जुन्या मार्गाचे दगडी खांब नदी-ओढ्यात नुसते उभे आहेत म्हणतात.

पाथरवट

चालतील, चांगलेच चालतील. पण रुळांवर किंवा चालू रेल्वे पुलावर जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, आणि पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. खालून, रस्त्याच्या बाजूने, लांब भिंग लावून काढ. सोडून दिलेल्या पुलांवरही चढू नकोस. 15 जून 2025 ला इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल गर्दीच्या वजनाने पडला, माणसं गेली. फोटो नेहमी काठावरूनच. धरणाच्या परिसरात कॅमेरा आणि ड्रोन काढण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारायचं.

वाडीकर

2019 चे फोटो सापडले. वाडीच्या बाजूने, घराच्या गच्चीवरून मोबाइलवर काढलेले. पावसामुळे धूसर आहेत. कमानींचा वरचा थोडा भाग फक्त पाण्याबाहेर आहे. चालतील का?

कृष्णाकाठी

चालतील का काय विचारता! जसे आहेत तसे टाका, उजळ करू नका, कापू नका. मोबाइलमध्ये मूळ फाइल असेल तर तारीख आणि वेळ तिच्यातच असते. त्या वेळची पुलावरची फुटांची नोंद बातम्यांमधून जुळवता येईल, मग पाण्याबाहेर दिसणाऱ्या कमानीवरून प्रत्येक फूट पुलावर नेमका कुठे येतो हेही काढता येईल. व्हॉट्सअपवरून पाठवू नका, त्यात फाइल बारीक होते आणि तारीख निघून जाते. ई-मेलने किंवा ड्राइव्हवर ठेवा.

दगडफूल

पारला कुणी येणार असेल तर सांगा. महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या रस्त्याने वाडा कुंभरोशीला यायचं, तिथून पारला रस्ता जातो. दरी खोल आहे, सकाळी ऊन उशिरा पोचतं, त्यामुळे पहाटेची घाई नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये पात्रात उतरून कमानीसमोर उभं राहता येईल इतकं पाणी कमी असतं. पावसाळ्यात तो विचारही करू नका, कोयनेचं पाणी तिथे बघता बघता चढतं. मी लांब टेप आणि मीटरची पट्टी आणते. पट्टी धरायला एक जण, लिहून घ्यायला एक जण आणि गावात बसून विचारपूस करणारं कुणीतरी हवं. वाईच्या ताई, ते काम तुमचं.

वाईची_लेक

येते. वही आणि अल्बमचे फोटो दोन्ही घेऊन येते. रामवरदायिनीच्या देवळापाशी भेटू.